ताईच्या गाडीचं प्लाटिन मी काढलं

प्लाटिन दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. ते स्क्रू फिरवायला मला अकरा महिने लागले.

माझी ताई एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. लग्न केलं नाही तिनं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, हाडापेरानं दणकट, बोलायला लागली की दोन घरं पलीकडे ऐकू जाई. मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा आवाज वाचनालयाच्या दारापर्यंतही पोचत नाही, आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही, कारण बोलायचं काम ती करत असे.

तिच्याकडे साडेतीनशे सीसीची एक मोटरसायकल होती. तिच्या जन्माच्या आधीची. वनखात्यातल्या एका निवृत्त रेंजरकडून तिनं ती घेतली तेव्हा गावात बरंच बोलणं झालं. बाईमाणसानं असली गाडी चालवायची म्हणजे काय, असं म्हणणारे होते. ताईनं मागच्या बाजूला लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं, त्यावर लशींचा बर्फाचा डबा बांधला आणि कामाला लागली. नंतर नंतर त्या गाडीचा आवाज ऐकून आया लेकरं घेऊन अंगणात येऊ लागल्या आणि जरा कळती झालेली लेकरं घराच्या मागे पळू लागली. तो आवाज म्हणजे सुई, हे त्यांना पाठ झालं होतं.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडवायला ठिणगी लागते. ती नेमक्या क्षणी पडावी म्हणून जुन्या गाड्यांमध्ये धातूची दोन बारीक टोकं असतात. ती मिटतात, उघडतात. उघडली की ठिणगी. मेकॅनिक लोक त्याला प्लाटिन म्हणतात. दोन टोकांमधलं अंतर मोजायला पोलादी पट्ट्यांचं मापक मिळतं. ताईनं ते कधी घेतलं नाही. लसीकरणाच्या जुन्या कार्डाची उभी पट्टी ती कापून ठेवायची आणि ती त्या फटीत सरकवून बघायची. अडत अडत गेली की माप बरोबर. दर दीड-दोन महिन्यांनी उपकेंद्राच्या पायरीवर बसून ती हे करी, आणि मी सुट्टीला गेलो असलो तर शेजारी पुस्तक घेऊन बसलेला असे.

गाडी चालवायला तिनं मला शिकवलं होतं. सुरू मात्र तीच करून द्यायची. त्या गाडीला किक मारणं हा एक विधी होता. चावी लावायची आणि हेडलाइटच्या वरचा अँपिअरचा काटा बघायचा. किक हळूहळू दाबत न्यायची. डावीकडे झुकलेला काटा मध्यावर आला की थांबायचं. मग एक छोटा खटका दाबून पिस्टन केसभर पुढे सरकवायचा. आणि मग एकदाच, सगळ्या अंगाचं वजन टाकून. यात चूक झाली तर ठिणगी आधीच पडते, पिस्टन उलटा फिरतो आणि किक तुमच्या पायावर परत येते.

"काटा मधात आला का तो काही बोलत नाई," ताई म्हणायची. "मंग आपण बोलायचं."

ती नागपूरला दवाखान्यात भरती झाली, त्यानंतर महिन्याभरानं तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. गाडी माझ्या घरी आणून ठेवलेली होती.

"बाबू, गाडी उभीच असन ना? एकडाव सुरू करून ठेव. बंद राह्यली का जाम होते ते."

मी चावी लावली. काटा पाहिला. तो मध्यावरच होता. बॅटरी इतकी उतरली होती की त्याला डावीकडे झुकायला जीवच नव्हता, हे मला कळलं नाही. मला वाटलं, गाडी तयार आहे. मी अंगाचं वजन टाकलं आणि किक उलटी आली. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. "झाली का सुरू?"

"झाली," मी म्हणालो. पायाला प्लास्टर होतं. पाय मोडल्याचं तिला सांगितलं, पण वाचनालयाच्या जिन्यावरून घसरलो असं सांगितलं.

प्लास्टर घालून एकोणीस दिवस झाले आणि ती गेली. त्या एकोणीस दिवसांत मी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं. वडशाजवळच्या आमच्या गावी तिला आणलं तेव्हा दोघांनी मला खुर्चीसकट उचलून तिच्याजवळ नेलं. मी तिच्याशी आयुष्यात जे शेवटचं महत्त्वाचं बोललो, ते खोटं होतं.

त्यानंतर प्रत्येकाकडे माझ्यासाठी सल्ला होता. गाडीला हात लावू नको, तिची आठवण आहे, तशीच झाकून ठेव, असं काहीजण म्हणाले. काहीजण म्हणाले, विकून टाक, नजरेसमोर नको. आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, यांनी दोन्ही सल्ले एकत्र करून तोडगा काढला. मोहर्लीला एक नवीन रिसॉर्ट झालं होतं. वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी. तिथल्या मॅनेजरला स्वागतकक्षात ठेवायला जुनी गाडी हवी होती.

धान कापून झालं होतं. काका मोकळे होते. आदल्या रात्री पहाटेपर्यंत चाललेलं नाटक पाहून लाल झालेल्या डोळ्यांनी ते सकाळच्या बसनं गडचिरोलीला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "काचेच्या मांगं ठेवतीन. रोज पुसतीन. मोठमोठे लोक पाहतीन. तू का करून राह्यला तिचं? चादर टाकून ठेवली."

"मी चालवीन," मी म्हणालो.

काका हसले. वाईट हसू नव्हतं ते. "अबे, त्या गाडीनं तुह्यावाला पाय मोडला. आणखी एक उरला हाय, तो बी देतं का?"

"देईन."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडून असं उत्तर त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "ठीक हाय. येत्या नाई, त्याच्या पुढच्या रविवारी मॅनेजर पिकअप घेऊन येऊन राह्यला. माह्यासमोर सुरू करून दाखव. झाली तं मी तोंडातून शब्द काढणार नाई. नाई झाली तं मुकाट्यानं चढवून द्यायची."

गाडी कायद्यानं माझी होती, मी नुसतं नाही म्हणू शकलो असतो, हे मला ठाऊक होतं. पण न चालणारी गाडी चादरीखाली ठेवणं आणि काचेमागे ठेवणं यात मलाच फरक दिसत नव्हता. म्हणून मी हो म्हणालो.

एक गोष्ट मी काकांना सांगितली नाही. कपाटात एक खोकं येऊन पडलं होतं. अकरा महिने मी वाचन केलं होतं. मला दुसरं काही येत नाही. माझा पाय नेमका कशानं मोडला हे मला समजून घ्यायचं होतं, आणि वाचता वाचता कळलं की प्लाटिनच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवता येते. घासणारी टोकं नाहीत. एक लोहचुंबक फिरतो, एक सेन्सर तो ओळखतो, आणि काडेपेटीहून थोडी मोठी डबी ठरवते की ठिणगी कधी. कधी, ते आपण तिला लॅपटॉपवरून सांगायचं. कोणत्या वेगाला किती अंश आधी, याचा आलेख काढून द्यायचा. वाचनालयातल्या लांब टेबलावर मी तो आलेखाच्या कागदावर चार वेळा काढला होता. किकच्या वेळी ठिणगी उशिरा, इतकी उशिरा की पिस्टन उलटा फिरण्याचं कारणच उरू नये. मग वेगाबरोबर चढत जाणारी रेघ.

चंद्रपूर रस्त्यावर चिंचेखाली एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं दुकान आहे. ताई रजेवर आली की गाडी त्याच्याकडेच दाखवायची. मी गाडी ढकलत तिथे नेली आणि खोकं उघडून दाखवलं. त्यानं डबी बोटांत धरून उलटसुलट केली आणि मला परत दिली.

"सर, हे मोबाईलच्या दुकानात न्या."

"तुमच्या हातानं बसवून द्या, भाऊ."

"माह्या हातानं सिस्टर बाईचं प्लाटिन निघणार नाई. तुमी का वाचून वाचून बाळंतपण करून राह्यले काय?"

"ताईनं पहिलं बाळंतपण तसंच केलं होतं," मी म्हणालो. "पुस्तक उघडं ठेवून."

 त्यानं स्क्रू फिरवायचा एक पेचकस माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "तं मंग करा. जागा माही, हात तुमचे. मी फकस्त पाहीन."

तर मी केलं. दुकानातल्या गोणपाटावर बसून, दुखरा पाय पुढे पसरून. झाकण काढलं. आत प्लाटिन होतं, टोकांवर काळपट खड्डा पडलेलं. ते उघडताना बंद होताना पाहिलेल्या सगळ्या दुपारी मला आठवल्या. मी थांबलो.  मग मी पहिला स्क्रू फिरवला, दुसरा फिरवला, आणि खालच्या तबकडीसकट ते बाहेर काढलं.

त्याच्या मागे दोन छोटी वजनं असतात. दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते. इंजिन हळू असलं, किक मारताना असतं तसं, की स्प्रिंगा वजनांना आत ठेवतात आणि ठिणगी उशिरा पडते. इथे एक स्प्रिंग होती. दुसरीच्या जागी पिवळट, वाळलेलं, भेगाळलेलं काहीतरी होतं. मी ते चिमट्यानं उचललं. दोन तुकडे झालेली रबराची कडी.

मेकॅनिक वाकला. "हे का होय?"

मला लगेच कळलं. उपकेंद्रात मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. सलाईनच्या नळीला मध्ये एक पिवळ्या रबराचा भाग असतो, त्यातून इंजेक्शन देतात. ताईनं त्याची कडी कापून स्प्रिंगच्या जागी चढवली होती.

मेकॅनिकनं कपाळावर हात मारला आणि मग मोठ्यानं हसायला लागला. "सिस्टर बाई! मी दर डाव म्हणो, बाई, मांगचं पाहू द्या. तं म्हणे, मांगचं मी पाहतो, तुमी तेल पाहा! गाडीले सलाईन लावून ठेवलं बाईनं!"

मी हसलो नाही. मी हिशेब लावत होतो. रबर तेलानं नि उष्णतेनं टिकत नाही. म्हणजे प्लाटिन साफ करायला बसली की ती दर खेपेला ही कडीही बदलत असणार, आणि मी शेजारी पुस्तकात डोकं घालून बसलेला. ती आजारी पडली, गाडी उभी राहिली, कडी वाळली आणि तुटली. वजनं सैल पडून बाहेरच राहिली. म्हणजे मी किक मारली तेव्हा काटा खरोखर मध्यावर असता, खटका दाबला असता, सगळं तिनं शिकवल्याप्रमाणे केलं असतं, तरीही ठिणगी आधीच पडली असती.

तिनं मला सगळं सांगितलं होतं. एवढं एकच सांगितलं नव्हतं.

गेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणतात. येतं. त्या गोणपाटावर बसून मी ताईवर रागावलो. एकोणीस दिवस. एका रबराच्या कडीपायी मी तिच्या खाटेजवळ नव्हतो. आणि ती कडी तिनं दुसऱ्या दिवशीचं लसीकरण चुकू नये म्हणून घातली होती, हेही मला कळत होतं, आणि त्यानं राग कमी होत नव्हता.

मेकॅनिकचं हसणं थांबलं. तो हळू आवाजात म्हणाला, "सर, आता तं सोपं झालं. भंगारातून स्प्रिंग पाहून देतो. प्लाटिन घासून देतो. सिस्टर बाईची होती तशीच्या तशी होते गाडी."

हा खरा प्रश्न होता, आणि तो काकांनी नव्हे, या भल्या माणसानं विचारला. तशीच्या तशी. पण ती गाडी तशीच्या तशी कधी नव्हतीच. रेंजरची होती तशी ताईनं ठेवली नाही. कॅरिअर जोडलं, सीट बदलली, स्प्रिंगच्या जागी रबर घातलं. जायचं होतं तिला, म्हणून जे हाताशी होतं ते लावलं. आणि तिच्यासारखीच गाडी ठेवायची तर तिच्यासारखे हात लागतात, दर दीड महिन्यानं पायरीवर बसणारे. माझे हात तसे नाहीत. माझ्या हाताशी वाचलेलं होतं, आलेख होता, ही डबी होती.

"नाही," मी म्हणालो. "हेच बसवायचं."

"लोक हसतीन सर. जुन्या गाडीवाले तं तुमाले दारात उभे करणार नाई."

"मला त्यांच्या दारात जायचंच नाही. मला एटापल्लीला जायचंय."

 तो उठला, हात पुसले, आणि विजेरी आणून माझ्या खांद्यावरून उजेड धरला. तीन दुपारी त्यानं उजेड धरला. वजनं काढून टाकली, चुंबक बसवला, सेन्सरची तबकडी बसवली. डबी सीटखाली, नवी बॅटरी, नवी वायर. तिसऱ्या दुपारी मी लॅपटॉप जोडून आलेख आत पाठवला, तेव्हा तो पडद्यावरची चढती रेघ बघून म्हणाला, "हे का, तापाचा कागद?" आणि मग, "बाईले आवडलं असतं." काढलेलं प्लाटिन मी त्यालाच दिलं. दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागेल. माझ्या घरात मला ते डबीत घालून ठेवायचं नव्हतं.

सुरू करून मात्र मी पाहिली नाही. मेकॅनिक म्हणत होता, मारा किक. मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणालो. घोटा दुखत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी पिकअप आली. मॅनेजर, दोन मजूर, दोरखंड आणि गाडीला ओरखडा पडू नये म्हणून जुनी गोधडी. काका आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. मेकॅनिक न बोलावता आला आणि पायरीवर बसला.

मॅनेजर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "फार सुंदर, सर. मागच्या डब्याच्या जागी फुलांची टोपली ठेवू. वरून पिवळा लाईट."

मी चावी लावली. काटा क्षणभर हलला आणि मध्यावर येऊन बसला. मी किक दाबत हळू हळू खाली नेली, तिनं शिकवल्याप्रमाणे, आणि काट्याकडे पाहिलं. तो हलला नाही. हलणार नव्हताच. इंजिन थांबलेलं असताना ही डबी वीज घेत नाही; काट्याला सांगायला काही नसतं. हे मी वाचलं होतं. तरी मी त्याच्याकडे बघत राहिलो, बराच वेळ. आता तो मला कधीच काही सांगणार नव्हता.

मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. एक फुसका आवाज आला आणि गेला. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. काका माझ्या पायाकडे बघत होते. मजुरांपैकी एकानं दोरखंडाची गाठ सोडायला घेतली.

पायरीवरून मेकॅनिक ओरडला, "सर! तुमी किक मारून नाई राह्यले. तुमी तिले माफी मागून राह्यले!"

तो बरोबर बोलत होता. मी अर्ध्यावर पाय काढून घेत होतो. किक परत येण्याआधी. आणि अर्ध्या किकनं सेन्सरला चुंबक पुरता दिसतही नाही. गाडीत दोष नव्हता. आलेखात नव्हता. दोष त्या दिवसात होता, आणि तो दिवस मी पायात घेऊन उभा होतो.

मी काट्याकडे बघायचं सोडलं. समोर पिकअपचा मागचा फाळका उघडा होता, आत गोधडी पसरलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि सगळं अंग उचलून त्या मोडक्या पायावर टाकलं, पार खालपर्यंत, आणि पाय तिथंच ठेवला.

किक परत आली नाही. गाडी सुरू झाली.

तो आवाज वर्षभरानं ऐकला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. काका उभे राहिले. मॅनेजर हसून म्हणाला, "वा! लक लागलं, सर."

मी चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुन्हा चावी लावली, पुन्हा अंग उचललं, पुन्हा मारली. पहिल्या किकला. परत बंद केली. परत सुरू केली. चौथ्या वेळेला मेकॅनिक मांडीवर थाप मारून हसायला लागला आणि मॅनेजरनं मजुराला गोधडी घडी करायला सांगितली.

काकांनी शब्द पाळला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. घरात गेले, माझी पाण्याची बाटली भरून आणली आणि ताईच्या कॅरिअरला दोरीनं बांधून दिली.

आष्टी, आलापल्ली, आणि मग एटापल्लीचा रस्ता. वाटेत मी सात ठिकाणी थांबलो. थांबायचं कारण नव्हतं. गाडी बंद करायची आणि सुरू करायची, एवढ्यासाठी. घोटा सुजला होता. सातही वेळा झाली.

उपकेंद्राच्या अलीकडच्या वस्तीत मी आवाज हळू करून शिरलो, तर एका घरातून एक बाई कडेवर लेकरू घेऊन घाईनं अंगणात आली. मला पाहून थबकली. माझ्यामागे पाहिलं, डब्याची जागा पाहिली.

"आज सुई हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग काऊन आला?"

मी उत्तर द्यायला गाडी बंद केली नाही. त्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागलं, आणि मी ओरडलो.

"गाडी सुरू झाली म्हणून!"